उद्ध्वस्त जगातला माणूस कोठून येतो?

जग संपलेले आहे. अणुयुद्धाने संपले, रोगाने संपले की पाण्यावाचून, ते खेळागणिक बदलते. शहरे पडली आहेत, सरकार उरलेले नाही, बाजार उरलेला नाही आणि या पडझडीतून एक माणूस एकटा चालत निघाला आहे. त्याने कोठे जायचे, कोणाला मारायचे, कोणाला पाणी द्यायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. या धर्तीचे संगणकावरचे खेळ, ज्यांना आता सगळेच नुसते 'गेम' म्हणतात, आपल्या वस्त्यांमधली मुलेही खेळतात. कार्यकर्त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, शिक्षकांना अभ्यासावरचे संकट वाटते. मला प्रश्न वेगळा दिसतो. माणसाची जी प्रतिमा आजवर कथा-कादंबरी आणि नाटक घडवीत आले, ती घडविण्याचे काम आता या खेळांकडेही गेले आहे. तेव्हा त्यांतला माणूस कोणी आणि कशाच्या आधाराने घडवला, याची चौकशी आपण केली पाहिजे.

माझ्यापुढे हा प्रश्न अगदी व्यवहाराच्या अंगाने आला. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेथले संगणक शाखेचे पाच विद्यार्थी असाच एक खेळ रचत आहेत. कोडिंग त्यांना येते. चित्रे त्यांच्यातलीच एक मुलगी काढते. काम अडले ते पात्रापाशी. "सर, कॅरेक्टर दिसते चांगलं, पण त्याले स्वभावच नाई," असे एकाने येऊन सांगितले. त्याचे निदान बरोबर होते. पाचही जणांनी आपापल्या नायकाचे एकेक पान लिहून आणले होते. एकाचे नाव रुद्र, एकाचे वीर, एकाचे अग्नी. वय पंचविशीचे. आईबाप विध्वंसात मेलेले. शूर, रागीट, मित्रासाठी जीव देणारा, कोणावर विश्वास न ठेवणारा. गालावर जखमेचा व्रण. इतके अनाथ एकाच वेळी मी यापूर्वी पाहिले नव्हते.

ही मुले शेतमजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची. घरी आई सकाळी वेचणीला जाते, बाप हमाली करतो, आजी डोळ्याने अधू झालेली आहे. पण त्यांच्या पात्राला ना गाव, ना नातलग, ना लढण्याखेरीज दुसरे कोणतेही काम. याला कल्पनेचे दारिद्र्य म्हणून मोकळे होता येणार नाही. मुलांनी जो साचा पाहिला त्यातच माल ओतला. म्हणून आधी साचा समजून घ्यावा लागतो.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद-पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात पात्राचे सहा गुण ठरलेले होते: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची शक्ती. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल ती लिहायची. पुढे 1986 साली स्टीव्ह जॅक्सनने 'गर्प्स' ही नियमावली काढली. तिने फासे बाजूला सारले आणि प्रत्येकाच्या हाती ठराविक गुणांक ठेवले. त्यांतून ताकद घ्या, बुद्धी घ्या, जे परवडेल ते घ्या. 1997 साली आलेला 'फॉलआउट' हा अणुयुद्धानंतरच्या जगाचा संगणकी खेळ मुळात याच नियमावलीवर रचायला घेतला होता. तो करार फिसकटल्यावर कर्त्यांनी स्वतःची पद्धत बसवली: सात गुण, प्रत्येकात आधीच पाच, आणि वर आणखी पाच वाटायला. आज मुले पात्राचे जे पान लिहितात त्याचे कूळ हे असे आहे.

फासा सांगतो की जन्म हा नशिबाचा भाग आहे. गुणांकांची वाटणी सांगते की जन्मतः सर्वांना सारखेच मिळते. आपल्याला ठाऊक असलेला जन्म या दोहोंतही बसत नाही. तो फाशासारखा अचानक पडत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या ठरवून पाडला जातो. आणि सारखा तर तो कधी नव्हताच. 'गर्प्स'मध्ये एक गमतीची सोय आहे. पात्राने एखादे उणेपण पत्करले तर मोबदल्यात जादा गुणांक मिळतात. आंधळेपणा, दारिद्र्य यांच्या जोडीला समाजाने लावलेला कलंकही त्या यादीत आहे. कलंक घ्या आणि त्या भांडवलावर ताकद वाढवा! राखीव जागांच्या नावाने बोटे मोडणारे लोक मनातल्या मनात हीच नियमावली वापरतात, फक्त तिचे नाव त्यांना माहीत नसते.

येथे एक आक्षेप येईल. विध्वंसानंतर जात कोठे राहते? सगळेच उघड्यावर आले, सगळेच उपाशी, मग कोण वरचा आणि कोण खालचा? या खेळांच्या मुळाशी हीच समजूत आहे की प्रलय पाटी पुसून कोरी करतो. पण खरे प्रलय आपल्या देशाने पाहिले आहेत. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिनमसारख्या जिल्ह्यांत दलित कुटुंबांना मदतछावण्यांतून दूर ठेवल्याच्या, पाण्याच्या टाक्यांपासून हटकल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. प्रेते उचलायला माणसे कोणती आणली? ठिकठिकाणच्या नगरपालिकांचे सफाई कामगार. समुद्राने कोणाची जात विचारली नाही. ती विचारली पाणी ओसरल्यावर उरलेल्या माणसांनी. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपानंतरही जातवार वेगळ्या छावण्या दिसल्याच होत्या. घरे पडतात. कोणी कोणाच्या घराजवळ राहायचे याचा नकाशा मात्र माणसांच्या डोक्यात शाबूत असतो आणि पहिला तंबू ठोकताना तो बाहेर येतो. कोरी पाटी हा ज्याच्या पाटीवर कधी काही वाईट लिहिले गेले नाही त्याचा कल्पनाविलास आहे.

'फॉलआउट'चीच गोष्ट घ्या. अणुयुद्धातून वाचलेली माणसे जमिनीखालच्या एका बंदिस्त आश्रयस्थानात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तेथल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप निकामी होते. प्रमुख एका माणसाला बाहेर पाठवतो: दीडशे दिवसांत नवी चिप आण, नाहीतर सगळे तहानेने मरतील. तो वणवण करतो, चिप आणतो, पुढे शत्रूचाही नाश करतो आणि परत येतो. तेव्हा दाराशीच त्याला अडवतात. तू बाहेरच्या जगाने बदलला आहेस, तरुण पोरे तुझ्या नादाने बाहेर पडतील, तेव्हा तुला आत घेता येत नाही. ज्याने पाणी आणले तो दाराबाहेर! बहुतेक खेळणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या शेवटात तो काही न बोलता वाळवंटाच्या दिशेने चालू लागतो.

मुलांना हा शेवट पाठ होता. पण त्याच्याशेजारी 20 मार्च 1927 चे महाड ठेवून त्यांनी पाहिले नव्हते. ठेवून पाहा. तेथेही पाणी होते, अडवणारे होते, आणि लोक पाणी प्यायल्यानंतर तळे 'शुद्ध' करून घेणारेही होते. पण महाडची माणसे वाळवंटाकडे चालू लागली नाहीत. ती तळ्यात उतरली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळायला पुन्हा जमली. अपमान एका जातीचा, वागणूक दोन तऱ्हांची. हा फरक शौर्याचा गुणांक पाचवरून आठ केल्याने पडत नाही. आश्रयस्थानातला माणूस एकटा आहे, त्याला भूतकाळ नाही, म्हणून हकालपट्टी त्याला दुर्दैव वाटते. महाडला गेलेल्या माणसाला ठाऊक होते की हे माझ्या बापाला केले, आजाला केले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हजारोंना केले. व्यक्तिमत्त्व म्हणतात ते या ठाऊक असण्यातून येते. अनाथ नायक रचायला सोपा असतो याचे कारणही हेच आहे. त्याला शेजारी नसतात आणि त्याच्या आठवणींची जबाबदारी लेखकावर पडत नाही.

मुलांना मी सांगितले की आधी तुमचे उद्ध्वस्त जग आपल्या जिल्ह्यात आणा. परदेशी शहराचे पडके मनोरे काढून तुम्हाला त्यात माणूस सापडायचा नाही. जागा शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. पुलगावचा दारूगोळा भांडार देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक आहे. 31 मे 2016 रोजी पहाटे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तेथे आग लागली आणि अधिकाऱ्यांसह आग विझवायला धावलेले अनेक जण मेले. आसपासच्या खेड्यांतून लोकांना रातोरात हलवावे लागले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट झाला, त्यात सहा जण गेले. त्यांच्यात आसपासच्या खेड्यांतून पेट्या उचलायला, खड्डे खणायला आलेले मजूर होते. स्फोटानंतर मातीत जे तांबे-पितळ उरते ते वेचण्यावर तेथल्या काही घरांची चूल अवलंबून होती, हेही त्या वेळी बाहेर आले. जगाच्या शेवटाची वाट पाहण्याची यांना गरज काय? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जिवंत गोळा कोणता आणि मेलेला कोणता हे हाताने ओळखून भंगार वेचणारा माणूस त्या खेळांच्या नायकापेक्षा अधिक काही जाणतो.

असा माणूस मराठीत पूर्वीच लिहिला गेला आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी मुलांना वाचायला दिली. वारणेकाठचा दांडगा भीमा मुंबईला येतो, शहराच्या कडेला बायको-मुलीसह राहतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. इतकाच प्रलय. एका माणसाचे जग संपायला अणुबाँब लागत नाही, काम बंद झाल्याची एक खबर पुरते. पुढे त्याला स्मशानातल्या राखेत सोने सापडते. आधी तो राख चाळतो, मग मढी उकरू लागतो, मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंजतो, आणि एका रात्री त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती गमवावी लागतात. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

पात्र घडवणाऱ्याने या कथेतून काय उचलावे? अण्णा भाऊंनी स्वभावाची यादी दिलेली नाही. त्यांनी भीमाला एक शरीर दिले, त्या शरीराला एक काम दिले, ते काम काढून घेतले आणि तेच हात दुसऱ्या कामाला लावले. दगड फोडणारे हात राख चाळतात, एवढ्यात त्या माणसाची ताकद, त्याची लाज आणि त्याचे लेकरावरचे प्रेम सगळे येते. शेवटी जातात तीही बोटेच. म्हणून मुलांच्या कागदावर सात गुणांच्या रकान्यांऐवजी पहिला प्रश्न आला: याच्या हाताला काय येते, आणि ते त्याला कोणी शिकवले? दुसरा प्रश्न: जग मोडण्यापूर्वी गावात याला काय म्हणून हाक मारीत, आणि हा स्वतःचे नाव काय सांगे? या दोन उत्तरांत अंतर असेल तर स्वभाव तेथेच सापडतो.

परंतु भीमापाशी थांबून चालणार नाही. कारण या खेळांत एक नियम आहे, जो कोणी नियम म्हणून लिहीत नाही. वाटेत दिसेल ती पेटी उघडायची, दिसेल त्या प्रेताचे खिसे चाचपायचे, सापडेल ते घ्यायचे. याला मुले सरळ 'लूट' म्हणतात आणि त्यावर खेळाची सारी गती चालते. मेलेल्यावर जगणे हे येथे पराक्रमात मोडते. आपल्या घरांत मात्र मेलेले ओढणे हे लादलेले काम होते, आणि ते टाकून देणे हा राजकीय निर्णय होता. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आणि पुढे 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भातल्या खेड्यांनी हा नकार दिला. त्याची किंमतही मोजली. माझा आजा सालदार होता. त्याने मेलेले ढोर ओढायला नाही म्हटले तेव्हा गावाने त्याला एक हंगाम काम दिले नाही. आजी सांगे, त्या दिवसांत अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या एवढेच घरात होते, आणि शेजारी कापलेल्या मांसाचा वास यायचा. भूक आणि नकार एकाच घरात, एकाच रात्री. मी पदवीधर झालो त्याची सुरुवात शाळेच्या दाखल्यापेक्षा त्या रात्री अधिक आहे असे मला वाटते.

आता असे घर मागे असलेली व्यक्ती त्या लुटीच्या जगात सोडून द्या. ती काय करील? चित्रे काढणाऱ्या मुलीने यावर आपले जुने पान फाडले आणि नवे लिहून आणले. नाव पारबता, वय साठ. जुन्या भांडाराच्या परिसरात भंगार वेचते. नखाने वाजवून गोळा जिवंत की मेलेला ते सांगते. तांबे घेते, पितळ घेते. पण मेलेल्या माणसाच्या अंगावरचे काही घेत नाही. का, तर तिच्या मायने सांगितले होते. मायला तिच्या मायने.

वाद लगेच उभा राहिला. कोडिंग करणारा मुलगा म्हणाला, ही उपाशी मरेल, प्रेताच्या थैलीत भाकर आहे आणि ही घेत नाही, खेळणारा चिडून खेळ बंद करील. मुलगी म्हणाली, चिडू दे. मला विचाराल तर पात्राचा स्वभाव या वादातच जन्मला. शूर, रागीट, प्रामाणिक ही विशेषणे कोणालाही चिकटतात, कारण त्यांना किंमत पडत नाही. पारबतेच्या नकाराला रोज एका भाकरीची किंमत आहे. भीमाला भुकेने मढ्यापर्यंत नेले, पारबता भुकेसकट मढ्यापाशी थांबते. दोघेही खरे आहेत, आणि जो लेखक एकाला खरा आणि दुसऱ्याला आदर्श ठरवील त्याला दोघांचीही भूक कळलेली नाही.

पारबतेला देवी करू नका, एवढे मी बजावले होते. पण त्याची गरज नव्हती. मुलीने स्वतःच लिहिले होते की पारबता वजनात मारते, पाण्याच्या बाबतीत चिक्कू आहे, आणि पारधी बेड्यावरचे कोणी तिच्या झिऱ्याकडे आले तर दगड उचलते. यावर आमच्या वस्तीतली दोन्ही मुले उसळली. आपल्या माणसाला आपणच असे दाखवायचे? मुलगी म्हणाली, "माझी आजी म्हणते तसं, सर. मी आयकलं हाये." मी तिच्या बाजूने उभा राहिलो. ज्याला तळ्यावरून हाकलले त्याने दुसऱ्याला झिऱ्यावरून हाकलावे, ही गोष्ट आपण झाकून ठेवली तर आपले साहित्य प्रस्थापितांच्या साहित्याइतकेच खोटे होईल. आपल्यातल्या उतरंडीविषयी आपण व्यासपीठावर बोलतो, पात्रात उतरवायला मात्र कचरतो. महाड ज्या माणसाच्या पाठीशी आहे त्याच्याच हातात दगड आहे, यापेक्षा मोठा ताण कोणत्या राक्षसाशी लढण्यात मिळणार?

बोलीचाही प्रश्न निघाला. पहिल्या पाच नायकांची भाषा पुस्तकी होती, आणि वाटेत भेटणारा विनोदी भंगारवाला तेवढा वऱ्हाडीत बोलत होता. ही सवय सिनेमा-नाटकांनी लावली: नायकाची मराठी शुद्ध, गड्याची आणि विदूषकाची बोली. पारबता वऱ्हाडीतच बोलते, आणि तिच्या वाक्यावर कोणी हसावे अशी एकही जागा मुलांनी ठेवलेली नाही. मात्र एक गोष्ट मला त्यांनी शिकवली. मी तिच्या तोंडी लांब भाषण घातले होते. "सर, उन्हात एवढं कोणी बोलत नाई," असे म्हणून त्यांनी ते सहा शब्दांवर आणले.

सध्या खेळात असे आहे. खेळणारा प्रेताजवळ गेला की पडद्यावर बटण दिसते. दाबले तर पारबता म्हणते, "मेलेल्याच्या अंगाले हात नाई लावत," आणि तिचा हात मागे येतो. पुन्हा दाबले तर ती दुसरीकडे पाहते. तिसऱ्यांदा दाबले की वाकते आणि भाकर काढून घेते. भूक भागते, गुण कापले जात नाहीत, कोणी तिला रागावत नाही. फक्त त्यानंतर खेळ संपेपर्यंत वाटेत कोणीही नाव विचारले तर ती सांगत नाही. तीनदा की पाचदा, यावर मुलांचे अजून भांडण चालू आहे. आणि झिऱ्यावरचा प्रसंग, जेथे बेड्यावरची एक पोर रिकामा डबा घेऊन समोर उभी राहते, तो अजून लिहायचा आहे. तो लिहिण्यासाठी पारधी बेड्यावरूनच महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलाला त्यांनी सोबत घेतले आहे, आणि त्याने पहिल्याच दिवशी विचारले की पोरीचे नाव अजून का ठेवले नाही.